पहिल्या दगडाचे काम

वस्तऱ्याला धार लावायला शिकणाऱ्या माणसाला आधी हवा असतो तो शेवटचा दगड. बेल्जियमच्या आर्देन भागातला पिवळसर कोटिक्युल घ्यावा, की जर्मनीतल्या थुरिंगियाची जुनी स्लेट शोधावी, क्योटोजवळच्या नाकायामा खाणीतला दगड खरोखरच तेवढ्या किमतीचा असतो का, की सरळ बारा हजार नंबरचा, म्हणजे अतिशय बारीक कणांचा, जपानी कृत्रिम दगड आणून मोकळे व्हावे, या विचारात त्याचे महिने जातात आणि पैसेही. दाढी करताना वस्तरा ओढला, गाल चरचरला, की तो ठरवतो की शेवटचा दगड कमी पडला. मग आणखी बारीक दगड येतो. त्यानेही भागले नाही तर चामड्याच्या पट्ट्यावर चोळायला अर्ध्या मायक्रॉनची पूड येते. वस्तरा ओढायचा तो ओढतोच. इतके वस्तरे हाताखालून गेल्यावर माझे मत पक्के झाले आहे की धार ठरते ती पहिल्या दगडावर, हजार नंबरच्या आसपासच्या खरखरीत, स्वस्त, कुणीही ज्याचे कौतुक करत नाही अशा दगडावर. पुढचे दगड ती धार गुळगुळीत करतात, मऊ करतात, चेहऱ्याला सोसेल अशी करतात. पण नसलेली धार त्यांना निर्माण करता येत नाही, आणि हे का येत नाही हे हिशेबाने दाखवता येते.

त्यासाठी आधी वस्तऱ्याची घडण लक्षात घ्यावी लागते. स्वयंपाकघरातल्या सुरीला धार लावताना ती दगडावर किती कलती धरायची हे हाताने ठरवावे लागते, आणि सगळे कसब त्यातच असते. वस्तऱ्याचे तसे नाही. त्याची जाड पाठ आणि पातळ काठ दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकतात. पाठ किती जाड आणि पाते किती रुंद, यावरून कोन कारखान्यातच ठरून जातो. पाते 19 मिलिमीटर रुंद, म्हणजे पाऊण इंची, आणि पाठ 5 मिलिमीटर जाड असेल तर काठाशी दोन्ही बाजू मिळून जवळजवळ 15 अंशांचा कोन होतो. बहुतेक चांगले वस्तरे 15 ते 18 अंशांच्या मध्ये बसतात. सुरीचा कोन याच्या दुपटीच्या आसपास असतो. दर वेळी धार लावताना काठाबरोबर पाठही थोडी झिजते, त्यामुळे पाते वर्षानुवर्षे अरुंद होत गेले तरी कोन फारसा हलत नाही. ज्या कारागिराने ही घडण पहिल्यांदा जमवली त्याचे नाव कुणाला ठाऊक नाही. हत्याराच्या अंगातच त्याचे माप बसवून ठेवण्याची ही युक्ती मला या सगळ्या विद्येतली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. या घडणीमुळे दगडावर टेकते ती काठालगतची एक अरुंद, सपाट पट्टी. ती नुसत्या डोळ्यांना एखाद्या चमकत्या रेघेसारखी दिसते. दोन्ही बाजूंना अशी एकेक पट्टी असते. त्या दोन पट्ट्या, म्हणजे दोन उतार, जिथे एकमेकांना भेटतात ती धार. त्या भेटल्या नसतील तर धार नाही, मग उतार आरशासारखे का लखलखेनात.

आता हिशेब. समजा, वापरून वापरून काठाचे टोक बोथटले आहे आणि तिथे 5 मायक्रॉन रुंदीचा सपाट माथा तयार झाला आहे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दाढीचा केस साधारण शंभर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे हा माथा केसाच्या विसाव्या भागाएवढा. नुसत्या डोळ्यांना तो दिसणार नाही, पण गालाला लगेच कळेल. दोन उतार पुन्हा भेटवायचे तर प्रत्येक बाजूने, उताराच्या संपूर्ण लांबीरुंदीवर, सुमारे अडीच मायक्रॉन पोलाद काढावे लागते. 16 अंशांच्या कोनाला याचा अर्थ असा की काठ जवळजवळ 18 मायक्रॉन मागे सरकतो. काठाला डोळ्याने जेमतेम दिसणारा खळगा पडला असेल, समजा 0.1 मिलिमीटरचा, तर प्रत्येक बाजूने 14 मायक्रॉन काढल्याशिवाय तो खळगा जात नाही; आणि तेही फक्त खळग्याच्या जागी काढून चालत नाही, टोकापासून मुठीपर्यंत सगळीकडे सारखे काढावे लागते. हजार नंबरच्या दगडातले कण साधारण 14 मायक्रॉनच्या आसपासचे असतात. आठ हजाराच्या दगडात ते एकदीड मायक्रॉनवर येतात आणि बारा हजाराच्या दगडात त्याहूनही खाली. कण जितका बारीक तितका ओरखडा उथळ, आणि ओरखडा जितका उथळ तितके एका फेऱ्यात निघणारे पोलाद कमी. हजाराच्या दगडावर जे काम पाचदहा मिनिटांत होते ते बारा हजाराच्या दगडावर करायला बसलो तर हात दुखतील, पाते झिजल्यासारखे दिसणारही नाही, आणि मधल्या वेळात दगडाच्या मधोमध झीज पडून उतार गोलाकार होऊ लागेल. शेवटच्या दगडावर तासन् तास घालवूनही वस्तरा ओढतो याचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते. दगडाला त्याच्या कुवतीबाहेरचे काम दिलेले असते.

फसवणूक होते ती चमकेमुळे. बारीक दगडाने उतार झगझगीत होतो आणि झगझगीत वस्तू धारदार असणार असे डोळा मानून चालतो. खरी परीक्षा याच्या उलट दिशेने घ्यावी लागते. वस्तरा काठ वर करून एका दिव्याखाली धरावा, दिवा किंचित मागे असावा, आणि पाते हळूहळू पुढेमागे कलवत काठाकडे सरळ वरून बघावे. दोन उतार खरोखर भेटले असतील तर काठावरून उजेड परत येत नाही. तिथे नुसता काळोख दिसतो, कारण उजेड परतवायला तिथे पृष्ठभागच उरलेला नसतो. जिथे माथा सपाट राहिला आहे तिथे बारीक पांढरी रेघ चमकते, कधी टोकाशी बोटभर, कधी मधेच तिळाएवढी. दहापट भिंग असेल तर ती रेघ तुटक असली तरी सापडते. पहिल्या दगडावर शेवटची चमक जाईपर्यंत पुढे सरकायचे नाही हा नियम मी कधी मोडत नाही. दुसरी खूण पाण्याची. दगडावर पाण्याचा पातळ थर असतो. काठ पुढे करून पाते ढकलले की सुरुवातीला पाणी काठाच्या खालून निसटते आणि पाते त्याच्यावरून सरकत जाते. उतार जसजसा सपाट होत जातो आणि काठ दगडाला पुरता टेकतो, तसतसे पाणी काठाखालून जाऊ शकत नाही. ते काठावर चढते आणि पात्याच्या खोलगट अंगावर एका ओळीत उभे राहते. ही ओळ टोकापासून मुठीपर्यंत अखंड चढली, मध्ये कुठे तुटली नाही, की काठ सगळीकडे दगडाला लागतो आहे हे डोळ्यांसमोर दिसते. वस्तऱ्याच्या मुठीकडच्या भागात पाणी चढत नसेल तर तिथे कितीही बारीक दगड घासून उपयोग नाही. हातावरची लव कापून बघणे, अंगठ्याच्या त्वचेवर काठ अलगद आडवा फिरवून त्याची चिकट पकड तपासणे, डोक्याचा एकच केस टांगून तो काठावर पडताच तुटतो का पाहणे, या परीक्षाही लोक करतात. त्यांपैकी अंगठ्याची परीक्षा पहिल्या दगडावर उपयोगी आहे. टांगत्या केसाची परीक्षा फार पुढची, आणि केसाच्या जाडीवर व कोरडेपणावर इतकी अवलंबून की तिच्यावरून घाईने निष्कर्ष काढू नये.

कोन हत्यारानेच ठरवून दिला आहे म्हणून पहिल्या दगडावर हाताला कामच नाही असे कुणी समजू नये. पाते पूर्ण सरळ असले तर दगडावर नुसते पुढेमागे करून भागेल, पण पूर्ण सरळ पाते क्वचितच मिळते. भट्टीतून काढून पाणी देताना पोलाद किंचित पिळले जाते, आणि जुन्या वस्तऱ्यात कुणीतरी वर्षानुवर्षे एकाच बाजूने जोर दिलेला असतो. म्हणून पाते ढकलतानाच ते मुठीकडून टोकाकडे तिरपे सरकवत न्यायचे, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात काठाचा प्रत्येक भाग एकदा तरी दगडावरून जातो. काठ किंचित कमानदार असेल तर याबरोबरच मूठ थोडी उचलत जावे लागते. उतारावर काळ्या मार्करची शाई लावून चारपाच हलके फेरे मारले की शाई कुठून गेली आणि कुठे राहिली हे उघड दिसते, आणि दगड कुठे लागत नाही हे अंदाजाने सांगत बसावे लागत नाही. जोर किती द्यायचा हा खरा अवघड भाग. नवखा माणूस पहिल्या दगडावर दाबतो, कारण दाबल्याने काम लवकर होते असे त्याला वाटते. पण जर्मन पद्धतीचे खोलगट घासलेले पाते काठाजवळ कागदासारखे पातळ असते. दाबले की ते वाकते, काठ वर उचलला जातो, आणि दगड काठाऐवजी त्याच्या मागचा भाग घासत राहतो. उतार रुंद होतो, काठ आहे तिथेच राहतो. त्यामुळे सुरुवातीला बोटाचा थोडा भार, आणि शेवटीशेवटी वस्तऱ्याच्या स्वतःच्या वजनाएवढाच. उलट्या बाजूला काठाची पातळ तार निघू लागली, बोटाला ती अलगद अडकली, की त्या बाजूचा उतार काठापर्यंत पोहोचला असे समजावे. मग बाजू बदलून, भार आणखी कमी करून, ती तार फेऱ्याफेऱ्याने नाहीशी करायची. आणि या सगळ्याआधी दगड सपाट हवा. दगडावर पेन्सिलीने चौकटी आखून हिऱ्याच्या प्लेटवर घासावे. सगळ्या चौकटी एकदम पुसल्या जाईपर्यंत दगड सपाट नाही. मधोमध खोलगट झालेल्या दगडावर उतार सपाट येणे शक्यच नाही.

इथे एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो वजनदार आहे. आपल्याकडच्या नाभिकांनी पिढ्यान्पिढ्या धोपटीत वस्तरा, नराणी, आरसा, पाण्याची वाटी, एखादा लहानसा बारीक दगड आणि चामड्याचा पट्टा एवढेच बाळगले. गावोगाव, ओट्यावर बसून, त्यांनी हजारो दाढ्या केल्या. त्यांच्याजवळ हजार नंबरचा दगड कुठे होता? मग पहिल्या दगडावर इतका भर कशासाठी? याला माझे उत्तर असे की त्यांचा पहिला दगड होता, फक्त तो त्यांच्या धोपटीत नव्हता. नवा वस्तरा जर्मनीतल्या जोलिंगेन किंवा इंग्लंडमधल्या शेफिल्डहून आला तर उतार कारखान्यातच बसवून आला. जुन्याचा काठ बिघडला तर तो चाकावर धार लावणाऱ्याकडे, शिकलगाराकडे गेला. त्यानंतरचे काम रोजचे होते: दिवसातून कित्येकदा पट्टा, मधूनमधून बारीक दगडाचे चारदोन फेरे. ज्या वस्तऱ्याचा उतार कधी गेलाच नाही त्याला पहिल्या दगडाची गरज भासत नाही, हे माझ्याच म्हणण्याचे दुसरे टोक आहे. माथा एक मायक्रॉनचा होण्याआधीच जो माणूस बारीक दगडाकडे वळतो त्याला अर्धा मायक्रॉनच काढायचा असतो, आणि तेवढे बारीक दगड सहज काढतो. आजचा वस्तरा घेणारा माणूस मात्र बहुधा जुन्या बाजारातला, वीसतीस वर्षे पेटीत पडलेला, काठाला गंजाचे टिपके आलेला वस्तरा उचलतो आणि त्याच्यावर नाभिकाचा चारदोन फेऱ्यांचा उपाय करू पाहतो. नाभिकांचे शहाणपण खरे आहे, पण ते या वस्तऱ्याला लागू पडत नाही. गेल्या काही दशकांत रक्तातून पसरणाऱ्या रोगांच्या भीतीने सलूनमध्ये पाते बदलायचे वस्तरे आले. ते योग्यच झाले, पण त्यामुळे हा बारीक दगडाचा रोजचा हातही फार थोड्या लोकांत उरला आहे.

दुसरा आक्षेप असा की पहिला दगड पाते खातो. खरखरीत दगडावर वस्तरा वारंवार नेला तर पाठ सपाट घासली जाते आणि जुन्या वस्तऱ्याची शोभा जाते. आक्षेप खरा आहे, पण याचा अर्थ पहिला दगड टाळावा असा होत नाही. तो एकदाच नीट वापरावा असा होतो. उतार एकदा पुरता बसला आणि पुढे वस्तऱ्याची निगा राहिली तर पहिल्या दगडाकडे पुन्हा जायला वर्षे लागतात. अर्धवट बसवलेला उतार मात्र माणसाला पुन्हा पुन्हा त्याच दगडाकडे आणतो, आणि पाते खरोखर तेव्हा खाल्ले जाते. पाठ वाचवायला काही लोक तिच्यावर इलेक्ट्रिकची टेप लावतात. टेपचा एक थर साधारण 0.15 मिलिमीटरचा असतो आणि पाऊण इंची पात्यावर त्याने एकूण कोन जेमतेम एका अंशाने वाढतो. तेवढ्याने दाढीत फरक पडत नाही. पण एकदा टेपवर बसवलेला उतार पुढच्या खेपेला टेपशिवाय घासला तर दगड काठाला लागत नाही, उताराच्या मागच्या कडेला लागतो. टेप लावायची असेल तर दर वेळी लावावी.

तिसरा आक्षेप पोलादाचा. चांगल्या पोलादाला चांगली धार येते, बाकी सगळे हातचलाखीचे, असे मानणारे पुष्कळ आहेत, आणि इतिहासही वरवर त्यांच्या बाजूने बोलतो. 1790च्या दशकात मुंबईच्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी हिंदुस्थानी वूट्झ पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. 1795मध्ये जॉर्ज पिअरसन यांनी त्याचा अभ्यास छापला. लंडनचे सुरी-वस्तरे बनवणारे जेम्स स्टोडार्ट या पोलादाने इतके भारले की त्यांनी मायकेल फॅरडेबरोबर पोलादाच्या मिश्रणांवर प्रयोग केले. 1820मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्या प्रयोगांत चांदी मिसळलेले पोलादही होते, आणि त्या प्रयोगांची कीर्ती एवढी झाली की शेफिल्डच्या वस्तऱ्यांवर पुढे कितीतरी वर्षे ‘सिल्व्हर स्टील’ असे कोरलेले दिसते, आत चांदी असो वा नसो. पोलादाचा फरक मी नाकारत नाही. एकसारख्या कणांचे, नीट पाणी दिलेले पोलाद काठावर कमी तुटते आणि धार जास्त दिवस टिकवते. पण तो फरक टिकण्याचा आहे. जोलिंगेनचा उत्तम वस्तरा आणि साधा बाजारू वस्तरा, दोघांचे उतार भेटलेले नसतील तर दोघेही सारखेच ओढतील. आणि मऊ पोलादाच्या वस्तऱ्याचा उतार नीट बसवला तर तो पहिल्या आठवड्यात उत्तम दाढी करतो. नंतर लवकर थकतो, हे खरे.

आता त्या महागड्या शेवटच्या दगडांविषयी. त्यांचे कौतुक खोटे आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. ते कशाचे आहे एवढेच म्हणायचे आहे. कोटिक्युल हा बेल्जियमच्या व्हील्साम परिसरात, पातळ थरांत सापडणारा खडक आहे. अभ्रकासारख्या मऊ खनिजात मँगनीजयुक्त गार्नेटचे बारीक कण विखुरलेले असतात, आणि त्या कणांचा आकार अनेक पैलूंचा, जवळजवळ गोल असतो. कण काही फार बारीक नसतात, पण गोल असल्यामुळे त्यांचा ओरखडा उथळ राहतो. म्हणून हा दगड दुधाळ गाळ करून घासला तर बऱ्यापैकी वेगाने पोलाद काढतो, आणि गाळ धुऊन नुसत्या पाण्यावर घासला तर काठ मऊ सोडतो. त्याच खडकाला लागून असलेल्या निळसर दगडात गार्नेट कमी, त्यामुळे तो मंद. थुरिंगियाची स्लेट आणि क्योटोजवळचे खाणीतले दगड यांचीही प्रत्येकाची वेगळी रीत आहे. कृत्रिम बारा हजाराचा काठ आणि कोटिक्युलचा काठ यांत गालाला फरक जाणवतो. पहिला जास्त तीक्ष्ण, दुसरा गालाला जास्त सोसवणारा. कोमल त्वचेच्या माणसाला हा फरक मोलाचा आहे. पण हा फरक दोन भेटलेल्या उतारांच्या टोकाचा आहे. टोकच नसेल तर तो फरक जाणवणार कशात? मधल्या दगडांचे, चारपाच हजाराचे, काम याहून साधे. हजाराच्या दगडाचे खोल ओरखडे काठापर्यंत पोहोचलेले असतात आणि त्यांनी काठ करवतीच्या दातांसारखा झालेला असतो. ते ओरखडे पूर्ण पुसेपर्यंत मधल्या दगडावर राहायचे. इथेही घाई केली तर खोल ओरखडा उरतो आणि पुढे काठ नेमका तिथून तुटतो.

तुटतो हा शब्द मी जाणून वापरतो आहे. वस्तऱ्याची धार झिजून गोल होते असे आपण वर्षानुवर्षे म्हणत आलो. 2020मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेच्या एमआयटीतल्या रोशोली, ताहेरी-मौसवी आणि तासन यांनी केस पोलादाला कसा बिघडवतो याचा अभ्यास छापला. केस पोलादाहून सुमारे पन्नास पटींनी मऊ, तरीही इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पात्याच्या काठाचे कपचे उडताना दिसले. केस ताठ उभा असताना नव्हे, तो वाकून कोनात भिडतो तेव्हा, आणि काठाच्या ज्या जागी पोलादाची अंतर्रचना एकसारखी नसते तिथे. तो प्रयोग बाजारातल्या वापरून टाकायच्या रेझरच्या पात्यांवर होता, आपल्या कार्बन पोलादाच्या वस्तऱ्यावर नव्हता, म्हणून त्यातला प्रत्येक आकडा इकडे आणता येणार नाही. पण दगडावरचा अनुभव याच्याशी जुळतो. भिंगाखाली वापरलेल्या वस्तऱ्याचा काठ गोल कमी आणि दातरा जास्त दिसतो. त्यातून दोन गोष्टी निघतात. दाढी आधी गरम पाण्याने चांगली भिजवावी, म्हणजे केस मऊ होतो आणि काठावरचा ताण कमी होतो. आणि कपचे लहान आहेत तोवरच बारीक दगडाकडे जावे, कारण खळगा 0.1 मिलिमीटरपर्यंत वाढू दिला तर वर केलेल्या हिशेबाप्रमाणे पुन्हा पहिला दगड आला.

पट्ट्याविषयी लोकांची समजूत दोन टोकांना जाते. काहींना वाटते पट्टा धार लावतो, काहींना वाटते तो केवळ सवयीचा भाग आहे. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठातले धातुशास्त्रज्ञ जॉन व्हर्होवेन यांनी 2004मध्ये सुऱ्यांच्या धारेवर केलेल्या प्रयोगांत नुसत्या चामड्याने काठात फारसा फरक पडलेला दिसला नाही; क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पूड लावलेल्या चामड्याने मात्र ओरखडे आणि तार स्पष्टपणे कमी झाली. माझ्या अनुभवाला हे बऱ्याच अंशी पटते. नुसता पट्टा दाढीआधी काठाची ओली मळी पुसतो आणि वाकलेली तार सरळ करतो, आणि तेवढ्यानेही दाढीत फरक पडतो, पण तो गेलेली धार परत आणत नाही. पूड लावलेला पट्टा म्हणजे एक अतिशय बारीक दगडच आहे, आणि त्यालाही तीच मर्यादा. शिवाय चामडे मऊ असल्यामुळे ते काठाभोवती वळते; पट्टा सैल धरून जोर दिला तर उतार हळूहळू गोल होतो. पट्टा ताणलेला हवा, पाते पाठ पुढे करून ओढायचे, आणि बाजू बदलताना ते पाठीवर वळवायचे, काठावर कधीच नाही.

आपल्या हवेत आणखी एक शत्रू आहे, आणि त्याची दखल जोलिंगेनच्या पुस्तकी सल्ल्यात नसते. मुंबई-कोकणात आषाढ-श्रावणात कार्बन पोलादाचा वस्तरा न्हाणीघरात ठेवला तर एका रात्रीत काठावर गंज धरू शकतो. पाठीवरचा गंज दिसतो आणि पुसून जातो. काठावरचा गंज दिसण्याआधीच टोकाचा तो एखाददुसरा मायक्रॉन खाऊन टाकतो, आणि सकाळी माणूस दगडाला दोष देतो. दाढी झाल्यावर पाते धुऊन, मऊ कापडाने काठाच्या लांबीने नव्हे तर पाठीकडून काठाकडे पुसून, कोरड्या पट्ट्यावर चारदोन फेरे देऊन, काठावर हलके खनिज तेल लावून न्हाणीघराबाहेर ठेवावा. दांड्याच्या फटीत पाणी राहते, तीही कोरडी करावी. पात्याचा सांधा तिथूनच गंजतो.

म्हणून नवा माणूस मला पैसे कुठे घालावेत असे विचारतो तेव्हा मी त्याला एक हजाराचा, एक चारपाच हजाराचा आणि एक आठ हजाराचा असे तीन साधे कृत्रिम दगड घ्यायला सांगतो. त्यांना सपाट ठेवायला हिऱ्याची एक प्लेट, दहापट भिंग आणि एक चांगला, सहज सैल न पडणारा चामड्याचा पट्टा. आठ हजाराच्या दगडावरून आलेला, उतार पुरते भेटलेला वस्तरा नीट पट्ट्यावर ओढला की आरामात दाढी करतो. ती दाढी त्याने काही महिने करावी. कोटिक्युल त्यानंतर घ्यावा, तो काय देतो हे तेव्हाच त्याच्या गालाला कळेल. आणि पहिला वस्तरा घेताना मूठ-दांड्याची नक्षी न पाहता पाते सपाट काचेवर ठेवून पाहावे. पाठ आणि काठ दोन्ही काचेला टेकत असतील, काठ आत वळलेला नसेल, काठावर गंजाचे खोल टिपके नसतील, तर बाकीचे सगळे पहिल्या दगडावर दुरुस्त करता येते.